हैदराबाद संस्थानाचा अस्त आणि मराठवाड्यातील समाज व राजकारण : एक चिकित्सा

प्रास्ताविक

राज्यसंस्था कोसळली म्हणजे समाजही कोसळतो काय, हा राज्यशास्त्रातील जुना प्रश्न आहे. शीतयुद्धाच्या समाप्तीनंतर सोमालियासारख्या देशांच्या निमित्ताने तो नव्याने विचारला गेला. जोएल मिग्दाल यांनी १९८८ मध्ये प्रबळ समाज आणि दुर्बल राज्य असा भेद मांडला. पुढे विल्यम झार्टमन यांनी संपादित केलेल्या १९९५ मधील ग्रंथामुळे 'कोसळलेले राज्य' ही संज्ञा अभ्यासविश्वात रूढ झाली. अधिसत्ता, यंत्रणा, कायदा आणि राजकीय सुव्यवस्था या साऱ्यांचे एकत्र विघटन होणे, असा त्या संज्ञेचा साधारण आशय आहे. या चर्चेतून एक समजूत बळावली. राज्य गेले तरी समाज आपल्या अंगभूत बळावर टिकून राहतो आणि निर्माण झालेली पोकळी स्वतः भरून काढतो, अशी ती समजूत होय.

मराठवाड्यातील अभ्यासकाला ही समजूत तपासण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना हैदराबाद संस्थानात शिरली आणि १७ सप्टेंबर रोजी निजामाने शरणागती जाहीर केली. स्वतःचे सैन्य, स्वतःचे चलन, स्वतःची टपालव्यवस्था, स्वतःची रेल्वे आणि सोळा जिल्हे असलेली एक राजवट पाच दिवसांत संपली. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी भाषक जिल्हे त्या राजवटीचे घटक होते. या घटनेविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या लेखनातील दोन प्रमुख भूमिकांची चिकित्सा करणे आणि 'समाज टिकला' या विधानाचा नेमका अर्थ शोधणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मुक्तीची कथा आणि शोकांतिकेची कथा

या विषयावरील लेखन स्थूलमानाने दोन प्रवाहांत विभागता येते. पहिला प्रवाह मुक्तिसंग्रामाचा आहे. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आठवणी आणि अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हा ग्रंथ ही त्याची ठळक उदाहरणे होत. दोघेही लढ्यात प्रत्यक्ष सहभागी होते. १९३७ मध्ये परतूर येथे भरलेली महाराष्ट्र परिषद, १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर आलेली बंदी, सत्याग्रह, सरहद्दीवरील कॅम्प आणि रझाकारांचे अत्याचार या साऱ्यांची नोंद या प्रवाहाने जपली नसती, तर मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास अपुरा राहिला असता. त्याचे हे ऋण नाकारता येत नाही.

दुसरा प्रवाह पतनाच्या शोकाचा आहे. उर्दूत 'सुकूत-ए-हैदराबाद' या शब्दांनी त्याचा उल्लेख होतो. संस्थानाचे अखेरचे पंतप्रधान मीर लायक अली यांचे १९६२ मधील इंग्रजी पुस्तक हा त्याचा राजकीय आविष्कार आहे. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ या कॅनेडियन अभ्यासकाने १९५० मध्येच एका निबंधात या घटनेचा मुस्लिम समाजाच्या शोकांतिकेच्या अंगाने विचार केला होता. या प्रवाहाने विजयाच्या कथेत न मावणारे दुःख नोंदवले. लायक अलींसारख्यांच्या लेखनात मात्र ज्या राजवटीचा शोक केला जातो, त्या राजवटीतील बहुसंख्य प्रजेच्या राजकीय हक्कांचा प्रश्न मागे पडतो.

हे दोन्ही प्रवाह परस्परविरोधी दिसतात. तरीही त्यांचे एक गृहीतक समान आहे. १७ सप्टेंबर ही पूर्ण खंडाची तारीख आहे, असे दोघेही मानतात. एकाच्या दृष्टीने त्या दिवशी अंधार संपला, तर दुसऱ्याच्या दृष्टीने त्याच दिवशी एक जग बुडाले. त्या दिवसाच्या आधी काय उभे होते, त्यातले नंतर काय उभे राहिले आणि ते कोणाच्या आधाराने उभे राहिले, हा प्रश्न दोन्हींकडून सुटतो. नरहर कुरुंदकर यांनी या विषयावरील लेखनाच्या शीर्षकात 'विमोचन' आणि 'विसर्जन' असे दोन शब्द वापरले. हा भेद महत्त्वाचा आहे. राजवटीपासूनची सुटका १९४८ मध्ये झाली, पण संस्थान या घटकाचे विसर्जन १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचनेने झाले. मधली आठ वर्षे हा या चिकित्सेचा खरा विषय आहे.

शिखर ढासळले, पाया राहिला

झार्टमन यांची कसोटी लावली, तर १९४८ मधील हैदराबाद हे काटेकोर अर्थाने 'कोसळलेले राज्य' ठरत नाही. अधिसत्ता गेली, परंतु यंत्रणा गेली नाही. शिवाय दुसरे, अधिक बलवान राज्य तत्काळ त्या जागी आले. या सातत्याची कारणे मागे एकोणिसाव्या शतकात सापडतात. पहिल्या सालारजंगांनी १८६५ मध्ये जिलाबंदी करून जिल्हा आणि तालुका यांची चौकट घातली. मराठवाड्यात जमीनमोजणी आणि महसूल-आकारणी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झाली. गावपातळीवर पाटील आणि पटवारी यांची वतने त्याहून जुनी होती. त्यामुळे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांचे लष्करी प्रशासन आले, तेव्हा कचेरी, दप्तर आणि गावकामगार जागेवरच होते.

निजाम मीर उस्मान अली खान हेही पदच्युत झाले नाहीत. २२ सप्टेंबर १९४८ रोजी त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेतील तक्रार मागे घेत असल्याचे कळवले. फेब्रुवारी १९४९ मध्ये त्यांची खाजगी सर्फ-ए-खास जमीन दिवाणी मुलखात विलीन झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी फर्मान काढून भारतीय संविधान स्वीकारले. २६ जानेवारी १९५० ते ३१ ऑक्टोबर १९५६ या काळात ते राजप्रमुख होते. ज्या सत्तेविरुद्ध लढा झाला, त्या सत्तेच्या प्रमुखाच्याच सहीने नवी व्यवस्था कायदेशीर झाली, ही गोष्ट दोन्ही कथांना अडचणीची आहे.

चलनाचे उदाहरणही बोलके आहे. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार रुपये, हा हिशेब बाजारपेठेत राजवटीनंतरही काही वर्षे चालू राहिला. हाली सिक्का अखेर १९५९ मध्ये रद्द झाला. सोमालियात जानेवारी १९९१ मध्ये सियाद बारे यांची राजवट संपली, मध्यवर्ती बँक उरली नाही, तरी जुन्या शिलिंगच्या नोटा बाजारात चालत राहिल्या. दोन्ही ठिकाणी चलनामागची राजवट गेली आणि व्यवहारातला विश्वास राहिला. फरक इतकाच की, हालीच्या मागे भारत सरकार उभे होते आणि शिलिंगच्या मागे कोणीही नव्हते. हैदराबादच्या सातत्याचे श्रेय केवळ समाजाच्या अंगभूत शक्तीला देता येत नाही, हे या फरकावरून स्पष्ट होते.

यंत्रणा टिकली म्हणजे तिच्यातील माणसे टिकली, असेही नाही. अनेक मुस्लिम अधिकारी आणि कर्मचारी सेवेतून दूर झाले व त्यांच्या जागी शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आले. सप्टेंबर १९५२ मध्ये हैदराबाद शहरात मुल्की आंदोलन भडकले, त्यामागे बाहेरच्या नोकरवर्गाविषयीची ही नाराजी होती. दुसरीकडे, सेतुमाधवराव पगडी यांच्यासारखा अधिकारी निजामाच्या मुलकी सेवेत घडला आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या गॅझेटियर विभागाचा प्रमुख झाला. त्यांचे उर्दू-फारसीचे ज्ञान मराठ्यांच्या इतिहासलेखनाच्या कामी आले. तेच ज्ञान असलेल्या कित्येकांना मात्र, कारभाराची भाषा बदलताच, ते निरुपयोगी ठरल्याचा अनुभव घ्यावा लागला. एकाच विद्येचे दोन भिन्न परिणाम का झाले, याचे उत्तर विद्येत नाही. ते त्या माणसाला अन्य कोणता आधार होता, यात आहे.

पोकळीतले आठवडे

'समाज पोकळी भरून काढतो' या विधानाची सर्वांत कठोर परीक्षा सप्टेंबर-ऑक्टोबर १९४८ च्या आठवड्यांत झाली. जुनी सत्ता संपली होती आणि नवी सत्ता गावोगाव पोहोचली नव्हती. त्याआधीच्या वर्षभरात कासीम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकारांनी गावे लुटली, माणसे मारली आणि हजारो कुटुंबांना सरहद्दीपार जाण्यास भाग पाडले. राजवटीवर टीका करणारे 'इमरोज' पत्राचे संपादक शोएबउल्ला खान यांचीही ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. या अत्याचारांचा विसर पडू देणे अन्यायाचे होईल. परंतु त्यानंतर जे घडले, ते केवळ अपराध्यांवर कोसळले नाही.

भारत सरकारने पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे शिष्टमंडळ पाठवले. त्यांनी नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात दौरा केला. पोलीस कारवाईच्या काळात व नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वाधिक पोळले. औरंगाबाद आणि बीड हे जिल्हे दुसऱ्या फळीत होते. काही ठिकाणी सैन्य आणि पोलीस दलातील लोकांचाही सहभाग असल्याचे अहवालाने नोंदवले. सरकारने हा अहवाल प्रसिद्ध केला नाही. २०१३ मध्ये ए. जी. नूरानी यांच्या पुस्तकातून तो वाचकांसमोर सविस्तर आला. आकड्यांविषयी मतभेद होऊ शकतात. मात्र पाचपैकी चार मराठी जिल्ह्यांची नावे ज्या अहवालात येतात, तो मराठवाड्याच्या इतिहासलेखनातून वगळण्याचे समर्थन होऊ शकत नाही.

याच अहवालात एक नोंद आहे, तिच्याकडे मुक्तिवादी लेखनाचे लक्ष गेले नाही आणि शोकवादी लेखनाचेही गेले नाही. अनेक ठिकाणी हिंदूंनी आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांचे प्राण पणाला लावून रक्षण केले. विशेषतः विणकरांमध्ये हे दिसून आले. हिंदू विणकरांनी मुस्लिम विणकरांना हिंदूंच्याच जमावापासून वाचवले आणि त्यासाठी जीवितहानीही सोसली. राज्याचे छत्र नसताना समाज टिकतो म्हणजे काय, याचे हे खरेखुरे उदाहरण आहे. येथे टिकला तो एका व्यवसायातील रोजचा संबंध. मात्र गावगाड्याचे इतर संबंधही त्याच आठवड्यांत टिकून होते. त्यांतील काहींनी माणसे वाचवली, तर काहींच्या आधाराने लूट संघटित झाली. म्हणून 'समाज' हा एकसंध कर्ता मानून केलेले प्रत्येक विधान येथे अपुरे पडते. ज्यांना राज्याखेरीज दुसरा आधार होता, ते तरले. ज्यांचा एकमेव आधार राज्य हाच होता, त्यांना राज्य जाताच सर्वांत मोठी किंमत मोजावी लागली.

दलित समाज आणि जमिनीचा प्रश्न

या निकषावर दलित समाजाची स्थिती तपासणे आवश्यक आहे. निजामाच्या अखेरच्या वर्षांत बी. एस. व्यंकटराव यांच्यासारखे नेते राजवटीच्या बाजूने उभे राहिले आणि सरकारी आश्रयातून शिक्षण व जमीन मिळवण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी नोव्हेंबर १९४७ मधील निवेदनात अनुसूचित जातींना निजामाची बाजू न घेण्याचा स्पष्ट इशारा दिला. राज्याच्या मर्जीने मिळालेला आधार राज्याबरोबर जातो, हे १९४८ ने दाखवून दिले. बाबासाहेबांनी निवडलेला मार्ग वेगळा होता. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने जून १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवण्यात आली. संस्थान अजून विसर्जित झाले नव्हते, मराठवाडा विद्यापीठाची स्थापना (१९५८) अजून दूर होती. अशा संधिकाळात उभी राहिलेली ही संस्था कोणत्याही राजवटीच्या कृपेवर अवलंबून नव्हती. तिने मराठवाड्याचे सार्वजनिक जीवन बदलले, यामागचे एक कारण हेही आहे.

जमिनीच्या बाबतीत चित्र अधिक गुंतागुंतीचे आहे. १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिरी रद्द झाल्या, १९५० मध्ये कुळवहिवाट कायदा आला आणि १९५४ मध्ये इनामे रद्द करण्याचा कायदा झाला. ही मोठी सुधारणा होती, याबद्दल दुमत नाही. तथापि कूळ कोण, कब्जा कोणाचा, हे ठरवणारा कागद जुन्याच गावकामगाराच्या दप्तरात होता. दप्तर ज्याच्या हाती किंवा ज्याच्या नात्यात, त्याला नवा कायदा लवकर कळला आणि लवकर फळला. गायरान जमिनींवरील भूमिहीनांचा हक्क हा प्रश्न मात्र तसाच राहिला. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांना सत्याग्रह करावा लागला, तो याच अपुऱ्या स्थित्यंतराचा परिणाम होय.

राजकारणाचे सातत्य

राजकारणाच्या क्षेत्रातही हीच विभागणी दिसते. स्टेट काँग्रेसकडे बंदीच्या काळातच घडलेली कार्यकर्त्यांची फळी होती, वृत्तपत्रे होती आणि औरंगाबादच्या सरस्वती भुवनसारख्या शिक्षणसंस्थांचे वातावरण होते. त्यामुळे राजवट जाताच तिला सत्तेकडे जाणारा मार्ग मोकळा झाला. १९५० मध्ये एम. के. वेलोडी यांचे मंत्रिमंडळ आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर बुरगुल रामकृष्णराव यांचे लोकनियुक्त सरकार, असा क्रम लागला. लष्करी प्रशासनापासून प्रौढ मताधिकारापर्यंतचे अंतर साडेतीन वर्षांत कापले गेले. २००३ मध्ये इराकमध्ये जुने सैन्य आणि सत्ताधारी पक्ष एका फटक्यात बरखास्त झाले आणि त्यानंतरचा रक्तपात सर्वज्ञात आहे. त्या तुलनेत हैदराबादचे स्थित्यंतर संस्थात्मकदृष्ट्या यशस्वी मानावे लागते.

पण हे यश सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाही. इत्तेहादुल मुसलमीनचे नेतृत्व तुरुंगात गेले किंवा देशाबाहेर गेले. सामान्य मुस्लिम समाज दशकभर संघटित राजकीय आवाजाविना राहिला. इत्तेहादची पुनर्बांधणी १९५८ मध्ये झाली. टेलर शर्मन यांचा २०१५ मधील आणि सुनील पुरुषोत्तम यांचा २०२१ मधील ग्रंथ या काळातील नागरिकत्वाचा आणि हिंसेचा विचार करतात. लोकशाहीची उभारणी आणि ही हिंसा यांना परस्परांपासून तोडून पाहता येत नाही, हा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. तो मराठीतील चर्चेत अद्याप पुरेसा आलेला नाही. मात्र या विवेचनालाही मर्यादा आहे. दिल्ली आणि हैदराबाद येथील दप्तरांतून दिसणारे राज्य त्यात ठळक होते. उस्मानाबाद किंवा नांदेड जिल्ह्यातील एखाद्या गावात पाटील, पटवारी, कूळ आणि विणकर यांनी ते आठवडे कसे काढले, हे मराठी व उर्दू साधनांच्या आधारेच कळू शकेल.

कागदाचे आयुष्य

राजवटीचे सर्वांत चिवट अवशेष तिच्या कागदांत सापडतात. मराठवाड्यातील जमिनीच्या दाव्यांत १९५४-५५ चे खासरा पत्रक आजही पुढे येते. इनामाच्या वादांत मुंतखब आणि अतियातच्या नोंदी शोधल्या जातात. २०२३ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर राज्य शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीकडे कुणबी नोंदी शोधण्याचे काम सोपवले, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची गरज पडली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला. ज्या राज्यापासून मुक्ती मिळाल्याचा दिवस दरवर्षी साजरा होतो, त्याच राज्याच्या नोंदींवर आज हक्काचे दावे उभे राहतात. यात कोणाचा दोष नाही. शिखर ढासळल्यानंतरही राज्य नोंदींच्या रूपाने समाजात जगत राहते, इतकेच यातून सिद्ध होते. आणि ज्याची नोंद त्या राज्याने कधी केलीच नाही, तो आजही कागदाविना उभा आहे.

निष्कर्ष

१७ सप्टेंबरला महाराष्ट्रात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन साजरा होतो. कर्नाटकात तो कल्याण कर्नाटक उत्सव आहे. केंद्र शासनाने २०२४ मध्ये त्यास हैदराबाद मुक्तिदिन म्हणून अधिसूचित केले, तर तेलंगण शासनाने त्याच वर्षी त्याला 'प्रजापालना' दिनाचे नाव दिले. एका तारखेला इतकी नावे असणे, हे तिचा अर्थ अजून ठरला नसल्याचे लक्षण आहे.

हा अर्थ ठरवण्यासाठी काही गोष्टी आवश्यक ठरतात. पहिली, १९४८ ते १९५६ हा कालखंड एकसलग मानून अभ्यासणे. दुसरी, भालेराव यांचा ग्रंथ आणि सुंदरलाल अहवाल पदव्युत्तर वर्गात शेजारी शेजारी ठेवून शिकवणे. रझाकारांचे अत्याचार आणि त्यानंतरची हिंसा यांपैकी एकाच्या उल्लेखाने दुसऱ्याचे समर्थन होत नाही, हे विद्यार्थ्यांना त्यातूनच उमजेल. तिसरी, 'समाज टिकला' या विधानापुढे दर वेळी 'कोणता समाज आणि कोणाच्या आधाराने' हा प्रश्न ठेवणे.

मराठवाड्याचा अनुभव सिद्धान्ताला एक दुरुस्ती सुचवतो. राज्य कोसळल्यावर समाज टिकतो, हे खरे; परंतु तो जसा होता तसाच, म्हणजे आपल्या विषमतेसह टिकतो. त्या विषमतेला छेद देणाऱ्या गोष्टी थोड्या असतात. १९४८ च्या मराठवाड्यात विणकरांचा माग ही तशी एक गोष्ट होती आणि १९५० च्या औरंगाबादेत उघडलेले महाविद्यालय ही दुसरी. राज्याच्या स्थैर्याच्या काळात अशा गोष्टी किती निर्माण होतात, यावरच त्याच्या संकटकाळात किती माणसे तरतील, हे ठरते.